२४ आठवडे उलटून गेल्यावर: मेडिकल बोर्ड, हायकोर्ट आणि मधले दिवस

मी तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करते. कामं म्हणजे वाटपाचे दावे, पोटगी, डीव्हीच्या (घरगुती हिंसाचाराच्या) केसेस, अधूनमधून चेक बाऊन्स. गर्भपाताच्या परवानगीची रिट, म्हणजे हायकोर्टातली याचिका, मी २०२५ च्या पावसाळ्यापर्यंत कधी लावली नव्हती, आणि जेव्हा लावायची वेळ आली तेव्हा निकाल ढिगाने सापडले पण कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा, काय विचारतील, किती वाट बघावी लागेल हे मराठीत साध्या भाषेत लिहिलेलं काही मिळेना. म्हणून लिहितेय. जिची ही केस आहे तिला विचारून लिहितेय, आणि तिचं गाव, जिल्हा, हॉस्पिटल यातलं काहीच इथे येणार नाही.

जुलैचा शेवटचा आठवडा चालू होता. विधी सेवा समितीच्या शिबिरात ओळख झालेल्या एका आशाताईंचा फोन आला. म्हणाल्या, मॅडम, एक पेशंट आहे, सोनोग्राफीत बाळाला प्रॉब्लेम निघालाय, डॉक्टर म्हणतात आता कोर्टाची ऑर्डर आणा, आणि घरचे विचारतायत की कोर्ट म्हणजे पोलीस येतील का. त्याच संध्याकाळी तिघं माझ्याकडे आले, ती, तिचा नवरा आणि सासू. सासूबाई दारातच थांबल्या होत्या, आत या मावशी म्हटल्यावर आल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला, पोलीस येतील का. मी म्हटलं नाही येणार. कायद्याच्या चौकटीतला गर्भपात हा गुन्हा नाही, गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, आणि गर्भलिंग तपासणीचा कायदा वेगळा आहे. हे दोन कायदे लोकांच्या डोक्यात इतके एकमेकांत मिसळलेत की गर्भपात शब्द उच्चारला तरी माणसं आवाज बारीक करतात. डॉक्टरसुद्धा करतात.

तिच्या कॅरीबॅगेत माता-बाल संरक्षण कार्ड होतं, नवव्या आठवड्यातली एक सोनोग्राफी आणि आत्ताची एक. पाचव्या महिन्यातली जी महत्त्वाची सोनोग्राफी असते, ज्यात बाळाचे अवयव नीट बघतात, ती ग्रामीण रुग्णालयात होत नव्हती, बाहेर जायला सांगितलेलं, आणि बाहेरचे अडीच हजार जमेपर्यंत आठवडे निघून गेले. झाली तेव्हा २५ वा आठवडा लागलेला. रिपोर्टमध्ये होतं की मणक्याचा भाग उघडा राहिलाय आणि डोक्यात पाणी साठलंय.

मी सगळ्यात आधी कोऱ्या कागदावर तारखा मांडल्या. हे प्रत्येकाने करावं, वकिलाकडे जायच्या आधीसुद्धा. कार्डावर शेवटच्या पाळीची एक तारीख होती आणि पहिल्या सोनोग्राफीवरून हिशेब केला तर दहाएक दिवसांचा फरक पडत होता. तिला विचारलं तर म्हणाली, "ताई, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला मी गेले नव्हते, बाजूला होते." कॅलेंडर काढून बघितलं, २०२५ ची रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, पहिल्या सोनोग्राफीशी बरोबर जुळलं. आठवड्यांचा वाद पुढे कुणी काढला तर सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी जास्त भरवशाची मानतात, त्यामुळे तो पहिला रिपोर्ट कितीही जुना वाटला तरी फेकू नका.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात, कारण इथेच निम्मे लोक अडवले जातात. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि नियमात दिलेल्या गटात ती बाई बसावी लागते, म्हणजे बलात्कार पीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेला, अपंगत्व असलेली, गर्भात गंभीर दोष असलेली वगैरे. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यात लग्न न झालेल्या बाईला वगळता येणार नाही, आणि या कायद्यापुरतं बलात्कारात नवऱ्याने केलेला बलात्कारही धरायचा. २४ च्या पुढे गंभीर गर्भदोष असेल तर निर्णय मेडिकल बोर्डाने, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने, द्यायचा. बोर्डाने! २०२१ ची दुरुस्ती नीट वाचली तर तिथे कोर्टाच्या ऑर्डरचा उल्लेखच नाही. नियमांप्रमाणे बोर्डाने अर्ज आल्यापासून ३ दिवसांत मत द्यायचं आणि मंजूर केलं तर अर्जापासून ५ दिवसांच्या आत गर्भपात होईल हे बघायचं. म्हणजे घड्याळ फक्त बाईला लावलेलं नाहीये, बोर्डालाही लावलंय.

म्हणून मी सरळ हायकोर्टात न धावता आधी बोर्डाकडे लेखी अर्ज द्यायचं ठरवलं. एक पानाचा, मराठीत, तिच्या सहीचा. शुक्रवारी १ ऑगस्टला आम्ही तो घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने वाचायच्या आधीच सांगितलं, २४ च्या वर आहे ना, कोर्टाची ऑर्डर घेऊन या. मी म्हटलं बरं, तुम्ही म्हणता ते अर्जावर लिहून द्या. लिहून कोण देतंय. शेवटी आवक-जावकला बसून राहिलो, दुपारी उशिरा शिक्का आणि आवक क्रमांक पडला, आणि घरी येताना तोच अर्ज ईमेलनेही पाठवला आणि स्पीड पोस्टनेही. हा शिक्का फार कामाचा ठरला. पुढे हायकोर्टात "आम्ही मागितलं होतं आणि अमुक तारखेला मागितलं होतं" हे त्या एका गोल शिक्क्याने सिद्ध झालं. तुमच्याकडून कुणी अर्ज घेत नसेल तर वाद घालू नका, आवाज चढवू नका, पण पोच घेतल्याशिवाय उठूही नका.

शनिवार रविवार गेला. सोमवारी तोंडी निरोप आला, ऑर्डरशिवाय बोर्ड बसत नाही. मग मात्र रिट.

रिट म्हटलं की खर्चाची भीती, ती इथे बाळगू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज देता येतो, हायकोर्टाची स्वतःची समिती असते, आणि १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे. आमची केस समितीतूनच गेली. तिचा स्वतःचा खर्च झाला तो एमआरआयचा सात हजार, झेरॉक्स, नोटरी, खानावळ आणि एसटी. बायकांना एसटीला अर्धं तिकीट असल्याने ती आणि सासू निम्म्यात जायच्या, नवऱ्याला पूर्ण.

ॲफिडेव्हिटबद्दल, म्हणजे प्रतिज्ञापत्राबद्दल, जरा सविस्तर सांगते. मिळालेल्या जुन्या नमुन्यांत बाईबद्दल एक ठरलेली ओळ असायची, याचिकाकर्तीला तीव्र मानसिक त्रास होत आहे. बास. मला ते पुरेना. तिला माझ्या टेबलासमोर बसवलं, नवरा आणि सासूला बाहेर चहाला पाठवलं, आणि म्हटलं तुला जे वाटतं ते तुझ्या शब्दांत सांग, मी लिहिते. बराच वेळ ती साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग बोलायला लागली. मोठी मुलगी चार वर्षांची आहे, मी दुसऱ्याच्या रानात जाते, डॉक्टर म्हणाले बाळाच्या पायात ताकद नसेल, लघवी-संडास कळणार नाही, डोक्यातलं पाणी काढायला नळी टाकावी लागेल आणि ती परत परत बदलावी लागेल. मी त्याला तेवढं सोसायला लावू का. आणि मग म्हणाली, "ते पोटात हलतं तेव्हा आता मी त्याच्याशी बोलत नाही. आधी बोलायचे."

हे मी जसंच्या तसं इंग्रजीत नेलं, सजवलं नाही. शेवटी मजकूर मराठीत वाचून समजावून सांगितल्याची नोंद घातली आणि खरंच दोनदा वाचून दाखवला. अशी मुलं प्रेमाने वाढवणारी घरं मी बघितलीयत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो निर्णय त्यांनी घेतलेला असतो, कुणी लादलेला नसतो, आणि हिचा निर्णय हिचाच असायला हवा, एवढीच माझी भूमिका होती आणि आहे.

त्याच बैठकीत मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, जी सांगायला मला सगळ्यात जड गेलं. एवढ्या आठवड्यांनंतर बाळ बाहेर आल्यावर जिवंत असू शकतं, त्यामुळे प्रक्रियेच्या आधी गर्भाचे ठोके थांबवायचे का हा प्रश्न येतो, आणि तसं झालं नाही आणि बाळ जिवंत जन्मलं तर त्याला वाचवायचा पूर्ण प्रयत्न करा असं कोर्ट आदेशात लिहितं. हे बाईला आधी माहीत असलंच पाहिजे. हॉस्पिटलच्या कॉटवर पहिल्यांदा कळता कामा नये. आणि वकिलांनी हा मुद्दा विनंतीच्या परिच्छेदातच मागून घ्यावा, की बोर्डाने यावरही स्पष्ट मत द्यावं, नाहीतर ऑर्डर हातात असूनही हॉस्पिटल पुन्हा कोर्टाकडे बोट दाखवतं.

फायलिंगच्या बारीकसारीक गोष्टी. नाव झाकायचं, याचिकेत एक्स वाय झेड असंच लिहायचं, आधारची प्रत आणि खरं नाव सीलबंद लिफाफ्यात द्यायचं. रिपोर्टवरसुद्धा प्रत्येक पानावर कोपऱ्यात पेशंटचं नाव छापलेलं असतं, ते एकेक करून झाका, पावतीवर, केसपेपरवर, सगळीकडे. सोनोग्राफीचे ते चकचकीत कागद झेरॉक्सला काळे येतात, म्हणून शेजारी टाइप केलेली प्रत जोडा. मराठी कागदांचं भाषांतर जोडा. सरकारी वकिलांच्या ऑफिसला कॉपी आधीच द्या आणि शक्य असेल तर तिथे जाऊन सांगा की मॅटर काय आहे, कारण माझा अनुभव असा की अशा केसमध्ये सरकारी वकील विरोध करायला उभे राहत नाहीत, फक्त त्यांना हॉस्पिटलकडून सूचना मागवायला वेळ लागतो, तो वेळ आपण वाचवून द्यायचा. अर्जंट सर्क्युलेशनच्या प्रेसिपीत, म्हणजे तातडीने सुनावणी मागायच्या अर्जात, पहिल्याच ओळीत आठवडे लिहा.

आम्ही औरंगाबाद खंडपीठात होतो. मॅटर दुसऱ्याच दिवशी कोर्टाच्या यादीत लागलं. पहिली सुनावणी पाच मिनिटंही चालली नसेल, कोर्टाने सरकारी मेडिकल कॉलेजच्या बोर्डाला तिची तपासणी करून अहवाल द्यायला सांगितलं, तारीख लगेचची. तिला हजर राहायची गरज नव्हती तरी ती आली होती, शेवटच्या बाकावर बसलेली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, एवढंच? मला वाटलं मला पिंजऱ्यात उभं करतील. हे मुद्दाम लिहितेय. कुणी पिंजऱ्यात उभं करत नाही.

बोर्डाच्या तपासणीला जाताना सकाळचं खाऊन जा, सगळे मूळ रिपोर्ट न्या, कुणीतरी बाई सोबत न्या. स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट असतात, आमच्या वेळी न्यूरोसर्जन मात्र नव्हते. पुन्हा सोनोग्राफी झाली. मानसोपचारतज्ज्ञांनी तिला काही विचारलंच नाही.

अहवाल आला तो दीड पानाचा. दोष गंभीर आहे हे मान्य, पण आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही म्हणून गर्भपाताची शिफारस नाही. वाचून मी कोर्टाच्या पायऱ्यांवरच बसले. कारण प्रश्नच चुकीचा धरला होता. गंभीर गर्भदोषाच्या तरतुदीत आईच्या जिवाला धोका असायलाच हवा अशी अट नाहीये. आईच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर त्याला वेगळं कलम आहे, ५ वं, आणि तिथे आठवड्यांची मर्यादाच लागत नाही. त्या रात्री सिनिअर मैत्रिणीबरोबर बसून दोन निकाल काढले. एक मुंबई हायकोर्टाचा जानेवारी २०२३ चा, न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. डिगे यांचा, ३२ आठवडे उलटले होते, बोर्डाने नाही म्हटलं होतं, आणि कोर्टाने सांगितलं की निवड करायचा हक्क त्या बाईचा आहे, बोर्डाचा नाही. दुसरा सुप्रीम कोर्टाचा २०२४ मधला, महाराष्ट्रातल्याच एका अल्पवयीन मुलीचा, ज्यात बोर्डाने नुसते आठवडे मोजू नयेत, बाईच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा विचार करून मत द्यावं असं म्हटलंय. त्याच केसमध्ये आधी परवानगी मिळाली होती आणि नंतर आई-वडिलांचं मन बदललं म्हणून ती मागे घेतली गेली, हेही मी आमच्या ताईला सांगितलं. म्हटलं, ऑर्डर मिळाल्यावरही तू नको म्हणू शकतेस, अगदी टेबलावर जाईपर्यंत. ती म्हणाली, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या सुनावणीला कोर्टाने तिच्या ॲफिडेव्हिटमधला तो परिच्छेद स्वतः वाचला आणि बोर्डाला परत पाठवलं, यावेळी प्रश्न नेमके लिहून: दोष किती गंभीर, जन्मल्यावर काय उपचार लागतील आणि त्याने किती फरक पडेल, आईच्या मनावर काय परिणाम, न्यूरोसर्जन आणि मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्या, ठोके थांबवण्याबद्दल मत द्या. मधे राखीपौर्णिमेचा शनिवार-रविवार. ते दोन दिवस फार वाईट गेले, तिचे तर गेलेच, माझेही गेले, कारण आठवडा सुट्टी घेत नाही. सोमवारी नवा अहवाल आला, यावेळी शिफारस होती, आणि दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. २७ आठवडे झाले होते.

२००८ मध्ये मुंबईत निकेता मेहता हायकोर्टात गेल्या होत्या, बाळाच्या हृदयात दोष होता, तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती आणि त्यांना नकार मिळाला. त्या नकारापासून कायदा बदलायला २०२१ उजाडलं. आणि त्याही आधी, १९३४ मध्ये, संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांचे वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले होते, आणि केस हरले होते. ऑर्डरची कॉपी घेऊन एसटीत बसले तेव्हा हे सगळं डोक्यात येत होतं. हरलेल्या केसेसवर पुढच्या केसेस उभ्या राहतात, हे लॉ कॉलेजात शिकले होते पण तेव्हा ते नुसतं वाक्य होतं.

हॉस्पिटलात ॲडमिट होताना पुन्हा एक अडथळा. सिस्टर म्हणाल्या, नवऱ्याची सही लागेल. नवरा तिथेच उभा होता, करायला तयार होता, वाद न करता संपलं असतं. पण मी थांबवलं, कारण पुढच्या बाईचा नवरा तिथे नसेल. फॉर्म सी, म्हणजे गर्भपाताच्या संमतीचा फॉर्म, दाखवला, सज्ञान बाईची फक्त तिचीच संमती लागते. सिस्टरने वाचलं, मान हलवली, आणि तिच्या एकटीच्या सहीवर काम झालं. त्या सिस्टर नंतर तिच्याशी खूप मायेने वागल्या, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं इतकंच.

प्रक्रिया म्हणजे आधी इंजेक्शन, मग कळा आणायच्या, साधारण बाळंतपणच. वेळ लागतो, रात्रभर चाललं. बाळ बघायचं का हे तिला विचारतील, त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवायची गरज नाही, पण विचारतील हे माहीत असावं. आणि एक गोष्ट जी आम्हाला कुणीच सांगितली नव्हती: दोन-तीन दिवसांनी दूध येतं. छाती भरते, दुखते, आणि त्या अवस्थेत बाई कोसळते. दूध थांबवायची गोळी असते, डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना आठवणीने विचारा. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी, सामाजिक सुरक्षा संहिता २०२० प्रमाणे (नोव्हेंबर २०२५ पर्यंत मातृत्व लाभ कायदा १९६१ होता) गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, डिस्चार्ज पेपर जपून ठेवा. आमची ताई रोजंदारीची, तिला कसली रजा. तिच्या सासूने महिनाभर तिला रानात पाठवलं नाही, ही तिची रजा.

ऑर्डर वेबसाइटवर आल्यावर उघडून बघा की नाव कुठे राहिलंय का. गावात कोण काय विचारतं याची चिंता सगळ्यांना असते, तर हेही सांगून ठेवते की डॉक्टरने गर्भपात केलेल्या बाईचं नाव कायद्याने अधिकार असलेल्या व्यक्तीशिवाय इतर कुणाला सांगितलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

त्यानंतर मी आणि त्या आशाताई मिळून दर महिन्याच्या आशा बैठकीत अर्धा तास मागून घेतो. फार काही नाही, एक पान वाटतो, त्यात तीन गोष्टी: पाचव्या महिन्याची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करून घ्या, २४ च्या आत असाल आणि गर्भदोष असेल तर कोर्ट लागत नाही, २४ च्या पुढे असाल तर आधी बोर्डाला लेखी अर्ज आणि पोच. मागच्या बैठकीत एकीने विचारलं की लग्न न झालेल्या मुलीलाही हेच का, तर हो म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या दोघींनी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं.

मेडिकल बोर्ड कुठे बसतं, अर्ज कुणाकडे द्यायचा आणि किती दिवसांत उत्तर मिळेल याचा फलक प्रसूती विभागाच्या बाहेर मराठीत लावा, असं पत्र मी ऑक्टोबरमध्ये दिलंय. उत्तर आलेलं नाही, स्मरणपत्र गेलंय, माहिती अधिकाराचा अर्ज टाइप करून ठेवलाय. ज्यांच्या जिल्ह्यात असा फलक लागलेला आहे त्यांनी फोटो काढून पाठवा, मला तो अर्जाला जोडायचाय.